हाक आल्याशिवाय मी कुणाला उठवत नाही

मी दारवान बोलतोय. वर्दी नाही, काठी नाही, अंगसुद्धा नाही. जळगावच्या एका रक्तपेढीतल्या संगणकात राहणारा मी एक छोटासा प्रोग्राम. मला आळशी ठरवून कामावरून काढायचं चाललंय. काढा, पण आधी माझं ऐकावं लागेल.

१९९६ साली मी इथे आलो. संगणकाची मेमरी आठ एमबी, म्हणजे एका खोलीचा संसार. कामं करणारे प्रोग्राम मात्र बारा. एक निरोप घेणारा, एक फायली पोचवणारा, एक वेळ सांगणारा, असे कितीतरी. सगळ्यांत मोठा म्हणजे रक्तदात्यांची यादी शोधणारा. जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांतली तीन हजार नावं त्याच्यापाशी. धुळ्याच्या दवाखान्यातून फोनच्या तारेवरून विचारणा आली की तो उत्तर देई.

हे बाराही जण डिस्कवर गाढ झोपलेले असत. जागा फक्त मी. प्रत्येकाचं एक दार, आणि बाराही दारांना माझा कान. ज्या दारावर थाप पडेल, त्याच गड्याला उठवायचं, आलेल्याला त्याच्या हवाली करायचं आणि पुन्हा कान लावून बसायचं. काम झालं की तो झोपायला जाई, खोली मोकळी होई. उठायला त्याला दोन-चार सेकंद लागत, हे मी कबूल करतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पण माणसांना जागं दिसेल तेच कामाचं वाटतं. रिकाम्या खोलीत पंखा फिरत असला तरी त्यांना बरं वाटतं!

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात पुण्याहून संगणक तपासायला एक साहेब आले. ते दोन-चार सेकंद त्यांना खुपले. पेढीचा कारभार पाहणाऱ्या मगननानांना त्यांनी विचारलं, "यातलं सतत काय लागतं?"

नाना भडगावचे. फुटका डबासुद्धा 'लागेल कधीतरी' म्हणून माळ्यावर ठेवणारे. ते म्हणाले, "बठ्ठं लागस ना भाऊ. कोनतं नको म्हनू?"

नानांना म्हणायचं होतं, यातलं काही टाकू नका. साहेबांनी ऐकलं, सगळं चालू ठेवा. झालं! मला नेमून दिलेल्या दारांची एकेक ओळ लिहिलेली असते; त्यातल्या अकरा ओळींपुढे 'ही वाचू नको' अशी खूण मारून त्यांनी माझी अकरा दारं काढून घेतली आणि अकरा जणांना कायमचं जागं करून बसवलं. मला एकच दार ठेवलं. कुणी वेळ विचारली तर वेळ सांगणाऱ्याला उठवायचं. मला फार राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

तिसऱ्याच दिवशी, भर दुपारी, धुळ्याहून यादीला विचारणा आली. सातपुड्याच्या पायथ्याची जमना तिथे बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. बी निगेटिव्ह देणारा जवळपासचा माणूस हवा होता. यादीवाला जागाच होता, पण उपयोग काय? अकरा जण एका खोलीत दाटीवाटीने बसलेले. संगणक एकाला बाहेर काढी, दुसऱ्याला आत घेई, लगेच पहिल्याला परत बोलावी. डिस्क नुसती करकरत राहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. वेळेचं दार तेवढं माझ्याकडे होतं, त्यामुळे मिनिटं मला बरोबर ठाऊक.

शेवटी दवाखान्यातल्या नर्स बेबाबाईंनी ती जोडणी तोडून सरळ फोन लावला. "प्रमिलाअक्का, तुमनं मशीन बंद पडनं का? बाई हातमाईन जाई राहिनी!"

प्रमिलाबाई आमचा संगणक सांभाळायच्या. साहेबांना विचारण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. अकराही जणांना बंद केलं, माझ्या ओळींपुढच्या खुणा पुसल्या आणि पुटपुटल्या, "ऊठ रे बाबा." मी झोपलो कधी होतो? मग फोनवर त्या म्हणाल्या, "आता परत विचारा."

थाप पडली. मी एकट्या यादीवाल्याला उठवलं. त्याला तीन सेकंद लागले. उत्तर गेलं: छगन, सोनगीर, शेजाऱ्याचा फोन अमुक. तासाभरात छगन जीपने धुळ्याला पोचला. जमना वाचली.

आता चौसष्ट एमबीचा नवा संगणक येतोय. साहेब म्हणतात, जागा भरपूर आहे, हा आळशी दारवान हवा कशाला? मी हट्टी आहे, पण आंधळा नाही. ज्याला दिवसातून शंभरदा उठावं लागतं, त्याला खुशाल जागा ठेवा. पण महिन्यातून एकदा लागणाऱ्याला बारा महिने बसवून ठेवायचं आणि त्यालाच सेवा म्हणायचं, हे मला मान्य नाही. संगणक कितीही मोठा आणा, मी हेच म्हणेन.

त्या छगनलाही कुणी दवाखान्याच्या बाकावर रोज बसवून ठेवलं नव्हतं. तो सोनगीरला भुईमुगाला पाणी देत होता. हाक गेली, आला, ना नात्याच्या ना गोत्याच्या बाईला बाटलीभर रक्त दिलं आणि संध्याकाळी आपल्या गावी परत गेला. त्याला आळशी म्हणून दाखवा, मग मी आपण होऊन जातो.