जुडीबाईची समाप्ती

साक्षीदाराची जबानी लिहिता लिहिता हरिहरपंतांनी मान वर केली, तर दारात विठ्ठल शिपाई उभा.

“पंत, कल्याणहून माणूस आलाय. घरी चला.”

“हिचा ताप वाढला का?”

विठ्ठलने खुंटीवरची त्यांची पगडी काढून हातात धरली. पंतांनी हातातलं वाक्य पुरं केलं, कागद शेजारच्या कारकुनाकडे सरकवला आणि उठले. ठाण्याच्या कोर्टाच्या कचेरीत त्यांना वीस वर्षं झाली होती. कुणाच्या तोंडचा शब्द त्यांनी कधी इकडचा तिकडे केला नव्हता.

बायकोचे दिवसवार झाले. पंधराव्या दिवशी हौसाआत्या ओसरीवर आली.

“हरी, सुमतीची पोथी अर्धी राहिलीय. जुडीबाईची.”

“आत्या, ती पोथी नाही. इंग्रजी कादंबरी आहे.”

“असेना का. अर्धी ठेवत नाहीत. रविवारी समाप्ती. शिरा मी करते.”

सुमतीला इंग्रजी पंतांनीच शिकवलं, पण पुढे तीच त्यांना अर्थ सांगू लागली. सहा महिने रोज दुपारी ती ते पुस्तक चौरंगावर उघडी आणि अध्यायामागून अध्याय आळीतल्या बायकांना मराठीत सांगे. बायका पुस्तकाला हळदकुंकू वाहत. ज्युडिथ, म्हणजे बायकांची जुडीबाई, ही गरिबाची पोर. मोठ्या घरच्या मुलाने तिच्याशी गुपचूप लग्न लावलं आणि मग, ‘ही माझी कोणी नव्हे,’ म्हणून सांगितलं. शेवटचा एकच अध्याय उरला होता.

शनिवारी पंतांनी तो वाचला. ज्युडिथ नदीत जीव देते. पुस्तक तिथेच संपत होतं.

रविवारी पायरीवरच भाजीवाल्या रंगूबाईने त्यांना थांबवलं. तिची लेक शेवंती खाली मान घालून जोत्याला टेकून बसली होती.

“पंत, नीट सांगा हो. पोरीनं दोनदा खाडीची वाट धरली, दोनदा मी ओढून आणली. नवरा भिवंडीत दुसरीला घेऊन बसलाय. म्हणतो, हिच्याशी लगीन झालंच नाही. कुणाशी बोलत नाही ती. जुडीबाईचं तेवढं ऐकते.”

पंत ओसरीवर चौरंगापाशी बसले. आत माजघरात बायका गप्प झाल्या.

“जुडीबाई नदीवर गेली,” त्यांनी सुरुवात केली.

शेवंतीने मान वर केली.

पंतांनी पानावर तळवा ठेवला.

“मग?” आतून आत्या.

“मग काय. पाणी गार होतं. तिने पाय धुतले आणि कचेरीची वाट धरली.”

पुढचं त्यांना तोंडपाठ होतं. अर्ज कसा दिला, समन्स कसं निघालं, लग्न लावणाऱ्या पाद्र्याला कसं पुकारलं.

“बोलला का मेला?”

“बोलला. शपथेवर. लग्नाची वहीसुद्धा दाखवली.”

“आणि तो दिवटा?”

“पिंजऱ्यात उभा. घाम पुसतोय.”

“पुसू दे! मला बोलावलं असतं तर तिथेच दोन ठेवून दिल्या असत्या!”

माजघरात हशा उसळला. न्यायाधीशाने जुडीबाईला सर्वांसमोर त्याची लग्नाची बायको ठरवलं आणि पोटगी लावून दिली, तेव्हा बायकांनी टाळ्या पिटल्या. आरती अशी दणक्यात झाली की समोरच्या घरातले पुरुष बाहेर येऊन बघू लागले.

शिरा वाटताना शेवंती पुढे आली.

“पंत, माझं लगीन लावणारे भटजी जिवंत आहेत. खडवलीला असतात.”

रंगूबाईच्या हातातली वाटी कलंडली.

“उद्या सकाळी ये,” पंत म्हणाले. “मी अर्ज लिहून देतो.”

सगळ्या गेल्यावर आत्या हळूच म्हणाली, “इंग्रजीत बुडते ना रे ती?”

पंत चमकले. “तुला कुणी सांगितलं?”

“सुमतीने. ती बदलणारच होती शेवट. म्हणायची, ‘आत्याबाई, ह्यांना कळलं तर महिनाभर बोलायचे नाहीत माझ्याशी. ह्यांना एक शब्द बदललेला खपत नाही.’”

पंत हसले. हसता हसता उपरण्याने त्यांनी डोळे पुसले.

सोमवारी अर्ज लिहून झाला. शेवंतीने त्यावर अंगठा उठवला. खडवलीच्या भटजींना गाठायचं अजून राहिलं होतं.