पारनाक्याची सरोज

नैरोबीत वाढलेल्या मुलीला कल्याण म्हणजे परदेशच. बोटीत बसायच्या आदल्या दिवशी वासंती आणि शालू या इथल्या कॉलेजच्या मैत्रिणी "चल, तुला आमचं कल्याण दाखवतो" म्हणाल्या, तेव्हा उत्तरा लगेच तयार झाली. दुर्गाडी किल्ला पाहून झाला, खाडीवरचा वारा खाऊन झाला. बुरुजावर उभी राहून शालू इतिहासाचे फवारे उडवत होती आणि ही आपली खालची कौलं न्याहाळत होती. त्यातल्याच एका कौलाखाली तिची आई होती.

आई मेली, असं वडिलांनी जन्मभर सांगितलं होतं. आणि परवा, निरोपाच्या जेवणाला, आत्याच्या तोंडून निसटलं, "मेली कुठली! टाकली तिला. सरोज बिचारी पारनाक्याला, देवळामागे भावाच्या दारात दिवस काढतेय." त्यानंतर आत्याने तोंडाला कुलूप घातलं ते घातलंच. उद्या बोट. वडील पुन्हा या देशात पाठवतील ही आशाच नको. आई भेटायची तर आजच.

दुपारी तिने मैत्रिणींना थाप मारली, आत्याच्या ओळखीच्या बाईंना भेटायचंय म्हणून. देवळामागच्या आळीत घरोघर विचारलं. सरोज? छे, या आळीत कुणी नाही. शेवटच्या घराच्या ओटीवर एक किडकिडीत बाई वाल सोलत बसली होती.

"सरोजबाई इथंच राहतात का?"

बाईचा हात थांबला. मग वर न बघताच ती म्हणाली, "इथं सरोज कुणी नाही."

परतीच्या टांग्यात उत्तराचा बांध फुटला. ढसाढसा रडत तिने खरं काय ते सांगून टाकलं. वासंतीने कपाळावर हात मारून घेतला. "अगं वेडे! माहेरी जाऊन सासरचं नाव विचारतात का कधी? सरोज हे लग्नात तुझ्या बाबांनी ठेवलेलं. आळी तिला जन्माच्या नावानेच ओळखणार ना! माझी आई सासरी इंदिरा, पण आजोळी अजून चिमीच आहे!"

नैरोबीत हे सांगायला होतं कोण? उत्तराला तो थांबलेला हात आठवला आणि तिने चालत्या टांग्यातून उडी टाकली.

बाई अजून ओटीवरच होती. उत्तराला धाप लागली होती. "तुमचं सासरचं नाव काय?"

"मला सासर नाही."

"होतं तेव्हा?"

बाईने पहिल्यांदाच वर पाहिलं. "सरोज. ज्यांनी ठेवलं त्यांनीच टाकलं. आता मी मालन. तुला काय करायचंय?"

"मी उत्तरा. तुमची उत्तरा."

वालाचं भांडं कलंडलं. बाई भिंत धरून उठली.

"उत्तरा नैरोबीला जाताना बोटीवरच गेली. गोवर झाला होता. तिच्या बापाने कळवलं, मी तिच्या नावाने आंघोळ केली." तिचा आवाज चढला. "कुणी पाठवलं तुला? टाकलेल्या बाईची चेष्टा करून अजून पोट भरलं नाही होय या लोकांचं?"

दार धाडकन लागलं.

उत्तरा दारावर मुठी आपटू लागली. मागून धावत आलेल्या मैत्रिणी तिला आवरू लागल्या, आळीतल्या बायका दारादारांत जमल्या. खूण म्हणून दाखवावं असं तिच्याजवळ काही नव्हतं. मायलेकींना एकमेकींचं मरण तेवढं ठाऊक होतं.

बऱ्याच वेळाने दाराआडून आवाज आला, "कोणाची गं तू?"

असं विचारलं की मुलीने बापाचं नाव सांगायचं असतं. ते नाव या दारात कसं घ्यायचं?

"तुझी," दाराला तोंड लावून उत्तरा म्हणाली. "तुझी गं, आई." आणि तेच ती म्हणत राहिली. आतली कडी काही निघाली नाही.