कानामागची निळी खूण

दुपारचं ऊन तपासणीच्या खोलीत शिरलं की डॉक्टरीणबाईंना सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं वाटे. वजनकाट्यावरचं बाळ हातपाय हलवत जणू तरंगतच होतं. चार महिन्यांचं, आणि परकं नव्हे. त्यांच्या धाकट्या मावसबहिणीचं.

"ताई, खोकल्याचं औषध लिहून दे ना पटकन. हे खाली गाडीत थांबलेत."

बाईंनी पेन उचललंही. पण सिस्टर बाळाजवळच घुटमळत होत्या. बाळ कुणाचंही असो, कपडे काढून नखशिखान्त पाहायचं, हा नियम महिन्यापूर्वी बाईंनीच हट्टानं आणला होता. चांगल्या घरचं मूल म्हटलं की आपण डोळेझाक करतो, असं त्याच सगळ्यांना सांगत.

"बाई, अंगडं काढू ना?" सिस्टरांनी हळूच विचारलं.

डाव्या कानामागे बोटाच्या पेराएवढी निळी खूण होती. बरगडीवर आणखी एक, पिवळी पडत चाललेली.

"कूस बदलताना पाळण्याला लागलं असेल," बहीण घाईनं म्हणाली.

"अगं, त्याला अजून कुशीवर वळता कुठे येतंय?"

पंखा संथ फिरत होता. बाईंना वाटलं, हे स्वप्न असावं. आत्ता कुणी हाक मारेल आणि आपण दोघी लहानपणच्या त्या एकाच पांघरुणात जाग्या होऊ. कुणी हाक मारली नाही. त्यांनी खुर्ची बहिणीजवळ ओढली.

"घरी तुला कुणाची भीती वाटते का?"

"हे मला विचारतेस? मला?"

"सगळ्या आयांना विचारते. तुला वगळलं तर तू परकी झालीस."

मग बहीण बाळाच्या पोटावर हात ठेवून पुटपुटली, "ते रडायला लागलं की ह्यांचा तोल जातो."

बाईंनी नात्यातली केस दुसऱ्या डॉक्टरांकडे सोपवली, बालसंरक्षण अधिकाऱ्यांना फोन मात्र स्वतः केला. एक्स-रेमध्ये दोन मोडलेल्या बरगड्या जुळून येताना दिसल्या. बाळाच्या बापावर खटला उभा राहिला. मावशीनं बाईंशी बोलणं टाकलं. "घर मोडलंस," एवढंच म्हणाली होती.

आठ महिन्यांनी बाई बहिणीच्या नव्या बिऱ्हाडी गेल्या. दार उघडून ती बाजूला सरली. आत बाळ बेसिनखाली डबे आपटत मोठमोठ्यानं ओरडत होतं, आणि त्याला कुणी गप्प करत नव्हतं.

"बस," बहीण म्हणाली. "चहा टाकते."