बिनगुळाची रास

विटकरी

मंजुळानं स्वतःसारखं दुसरं माणूस पहिल्यांदा पाहिलं ते पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात, नळावर. एक पोरगी ओंजळ लावून पाणी पीत होती. प्यायली, बाकावर येऊन बसली, पुन्हा उठली, पुन्हा नळाशी. मागं उभी असलेली बाई म्हणाली, "ए, टाकी रिकामी करतीस का?" पोरगी लाजली, पण ओंजळ सोडली नाही.

ती तहान मंजुळाच्या ओळखीची होती. तिची तहान वाढली, अंग वाळलं, तेव्हा सासरच्यांनी तिला बीडकडच्या गावाहून आणून भावाच्या दारात सोडलं. भाऊ उद्धवराव पिंपरीच्या नव्या औषध कंपनीत लागला होता आणि चिंचवडला एका खोलीत राहत होता. कंपनीत औषध बनायचं ते दुसरं. मंजुळाचं, साखरेच्या रोगावरचं, परदेशातून बोटीनं यायचं.

"रातचं कितींदा उठतीस?" मंजुळानं बाकावर सरकत विचारलं.

पोरीनं तिला पायापासून वर पाहिलं. "तुमी पोलीस हाय का?"

"न्हाई. म्याबी उठते."

पोरीचं नाव गवरा. माहेर तळवडे, भोसरीत दिलेली. मंजुळानं तिला खांबाआड नेलं, लुगडं जरा वर करून मांडीवरच्या सुईच्या गाठी दाखवल्या. गवरानं एका गाठीवर बोट ठेवलं.

"दुखतंय?"

"सवय हुतीया."

"मरतंय का माणूस ह्या रोगानं?"

"सुई टोचली न्हाई तर मरतंय."

"आन टोचली तर?"

"टोचली तर जेवावं लागतंय."

कंपाउंडरनं दोघींच्या लघवीचे थेंब निळ्या औषधात टाकून नळ्या तापवल्या. साखर नसली तर औषध निळंच राहतं. असली तर हिरवं, पिवळं आणि मग विटेसारखं होतं. दोन्ही नळ्या विटकरी झाल्या.

"बहिणी का?" कंपाउंडर म्हणाला.

"व्हय," गवरा म्हणाली, "एकाच भट्टीतल्या."

मंजुळा हसली. दवाखान्यात ती आजवर कधी हसली नव्हती.

मंजुळानं सांगितलेलं

पाणी खळाखळा उकळू दे. काचेची पिचकारी आत. दांडा येगळा टाक, न्हाई तर तडकती. सुई बोथटली की वस्तऱ्याच्या दगडावर घास, पर हळू. टोक वाकलं तर मांस ओढून काढती. आधी वांग्याला टोच. वांगं वरडत न्हाई. मग मांडीला. आज डावी, उद्या उजवी. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठिव. फडकं वाळू द्यायचं न्हाई. टोचलं की जेव. कोन जेवलं, कोन न्हाई, बघू नगं. कंप सुटला, घाम फुटला, जीभ जड झाली, तर गूळ. आधी गूळ, मग देव, मग डाक्टर.

हिरवा

गवराचा नवरा मुरारी चिंचवड स्टेशनावर भाजी घालायला बैलगाडी घेऊन यायचा. गवरा बरोबर यायची आणि तो परतेपर्यंत मंजुळाच्या खोलीत बसायची. उद्धवराव शिफ्टला गेलेला असायचा. दोघी नळ्या तापवायच्या, सुया घासायच्या, एकमेकींच्या नणंदांना नावं ठेवायच्या.

एकदा भाजी निवडता निवडता मंजुळाच्या हातातली जुडी खाली पडली. तिनं ती उचलली नाही. कपाळावर घाम आला. ती भिंतीकडं बघून काहीतरी बोलू लागली, ते गवराला कळेना. गवरा उठली. फडताळातला गुळाचा डबा काढला, खडा फोडला, मंजुळाच्या गालात सारला आणि तिचं डोकं स्वतःच्या खांद्यावर धरून बसली.

बऱ्याच वेळानं मंजुळाला समोरची भिंत भिंतीसारखी दिसली.

"आसं हुतंय व्हय?" गवरा म्हणाली. "मला परवा झालतं. आत्याबाई म्हनल्या, देवी यायच्या बेतात हाय."

"मग?"

"मग काय, आली न्हाई. भाकर खाल्ली, परत गेली."

मंजुळानं तोंडातला गूळ गिळला. आजपर्यंत तिचा हात थरथरला की तिनं स्वतःच डबा शोधला होता. आपल्याला काय होतंय हे दुसऱ्यानं ओळखावं, आणि न विचारता ओळखावं, हे नवं होतं.

निळा

भोसरीच्या घरानं गोड सोडलं.

डॉक्टर म्हणाला होता, गोड हिला विष आहे. मुरारीनं घरी येऊन तेवढंच सांगितलं. त्याची आई सगुणाबाई, गवराची आत्याबाई, भैरवनाथाच्या देवळात गेली आणि नवस बोलून आली. सून बरी होईतोवर आपल्या उंबऱ्याच्या आत गोडाचा कण येणार नाही. घरातली गुळाची ढेप तिनं शेजारच्या सोनबाकडं देऊन टाकली. सणाला पोळी झाली नाही. जेवण झालं की सगुणाबाईला गुळाचा खडा लागायचा. त्याच्या जागी ती आता मिठाचा खडा तोंडात धरायची. चहाही सोडला. सुनेसाठी इतकं करणारी सासू भोसरीत दुसरी नव्हती, आणि भोसरी तसं म्हणतही होती.

मंजुळा उन्हातून चालत तिथं गेली तेव्हा सगुणाबाईनं तांब्या पुढं केला. नुसतं पाणी.

"आमच्यात गूळ बंद हाय, बाई. राग मानू नगा."

"तेच बोलाया आले, मावशी. खडाभर ठिवा घरात. हिला कंप सुटला तर लागंल."

"डाक्टर इख म्हनला."

"इखच हाय. पर सुई टोचली आन पोट रिकामं ऱ्हायलं, तर तेच औषध हाय."

"एकच जिन्नस सकाळी इख, दुपारी औशिद?" सगुणाबाई हसली. "तुमच्या बीडाकडं आसंल तसं."

"म्या स्वतः भोगते, मावशी. माझ्यावर—"

"तुमाला त्यांनी नांदवलं न्हाई, बाई. मी माझी सून नांदवती हाय. माझा नवस मला पाळू द्या."

मुरारी ओसरीवर बैलाचं जू पुशीत होता. त्यानं मान वर केली नाही.

गोठ्यामागं मंजुळानं गवराच्या पदराला गूळ बांधला.

"आत्याबाईंनी माझ्यापायी जीभ मारली," गवरा म्हणाली. "त्यांच्या म्होरं मी गूळ कसा चघळू, मंजुळाक्का?"

"म्होरं नगं. मागं चघळ."

लुगडं धुताना सगुणाबाईला गाठ सापडली. ती ओरडली नाही. तिथंच दगडावर बसून रडली. मग गूळ बैलाला चारला आणि हात धुतले.

त्यानंतर गवराची नळी निळी येऊ लागली. सकाळी निळी, संध्याकाळी निळी. घरातले सगळे चुलीपुढं जमून बघायचे. सगुणाबाईनं भैरवनाथाला नारळ फोडला.

चिंचवडच्या खोलीत मंजुळानं हे ऐकलं आणि हातातली सुई खाली ठेवली. "रोज निळी? मग औषध जास्त हुतंय. कमी कराया पायजे. पुण्याला जा."

"रास उरकली की जाऊ. आता समदी खळ्यावर."

"आन तोवर?"

"तोवर तुमी शिव्या द्या," गवरा हसली आणि गाडीत बसली.

खळं

ज्वारीची मळणी झाली होती, उपणणी चालू होती. धान्य वाऱ्यावर धरून भूस उडवायचं, मग रास लागते. राशीला निवद दाखवायचा. मग पुरुष जेवणार, मग बाया. त्यांच्या घरी निवदाला गूळ असायचा. यंदा नव्हता. गवरानं सकाळी सुई टोचली होती. भाकरीची पाटी डोक्यावर घेऊन ती सासूमागून खळ्यावर आली, आणि वारं पडलं.

गवरा: आत्याबाई, मला कंप सुटलाय.

सगुणाबाई: ऊन लागलं आसंल. पाटी उतरव. सावलीला बस.

गवरा: अर्धी भाकर खाऊ?

सगुणाबाई: राशीच्या आधी? कदी खाल्लीय का कुनी? वारं यील आता.

मुरारी (उंचावर उभा, हातात धान्याचं सूप): पान हालंना झाडाचं.

गवरा: गूळ.

सगुणाबाई: काय?

गवरा: गूळ द्या.

सगुणाबाई: सकाळीच नळी निळी आलीया. देवानं हात दिला आन तू आज त्याचं नाव काढतीस?

गवरा: मंजुळाक्का म्हनली. आधी गूळ, मग देव.

सगुणाबाई: त्या टाकलेल्या बाईचं नाव खळ्यावर नगं.

गवरा: मुरारी! ए मुरारी! मुरारी!

सगुणाबाई: नवऱ्याचं नाव घेतलं! आरं, खाली उतर. अंगात आलं हिच्या. गुलाल आन, गुलाल.

मुरारी: आई, हिचं अंग गार हाय. घामानं भिजलीया. ती बाई हेच म्हनत हुती.

सगुणाबाई: गप. पाया पड आधी.

मुरारी पाया पडला नाही. तो शेजारच्या खळ्याकडं धावला.

मुरारी: सोनबाकाका, गूळ हाय?

सोनबा: हाय की. तुमचीच ढेप. पर तुला कसा देऊ? नवस तुमचा, मोडायचं पाप माझ्या हातनं नगं, लेकरा.

मुरारी: काका, ती पडली.

सोनबा: तुझ्या आईला तोंडानं सांगू दे. लगेच देतो. देवाशपत.

मुरारी परत धावला. गवरा भुसावर आडवी होती. कपाळ गुलालानं लाल झालेलं, टाचा जमिनीवर आपटत होत्या. सगुणाबाई हात जोडून उभी होती आणि देवीला विचारत होती, आई, काय पायजे तुला?

मुरारी: आई, तू तोंडानं म्हन, गूळ आन. एकदा म्हन.

सगुणाबाईनं सुनेकडं पाहिलं. मग देवळाच्या दिशेनं. मग पुन्हा सुनेकडं.

सगुणाबाई: आन.

सोनबा स्वतः धावत आला. पण गवराची दातखीळ बसली होती. सगुणाबाईनं बोटानं गूळ ओठांना चोळला, हिरड्यांना चोळला. तो तिथंच राहिला. त्यावर भूस चिकटलं.

मग वारं सुटलं. सूप घ्यायला कुणी उठलं नाही.

विटकरी

उद्धवरावानं गवरा गेल्याचं स्टेशनावर ऐकलं आणि घरी येऊन सांगितलं. मंजुळानं पिचकारी उकळत ठेवली होती. ती पाणी आटेपर्यंत उकळली आणि तडकली.

काही दिवसांनी दारात बैलगाडी थांबली. मुरारी गाडीतच बसून राहिला. सगुणाबाई उतरली, उंबऱ्याबाहेर उभी राहिली. हातात ओल्या फडक्याची पुरचुंडी.

"कशाला आलात?" मंजुळानं विचारलं.

"तिची बाटली उरली हुती. पिचकारीबी हाय." सगुणाबाईनं पुरचुंडी पुढं केली. "फडकं रोज भिजवत हुते. वाळू दिलं न्हाई."

मंजुळानं हात पुढं केला नाही. सगुणाबाई आत आली, माठ कुठं आहे ते पाहिलं, बाटली त्याच्या बुडाशी ठेवली आणि खाली बसली.

"तुमाला कंप सुटला तर हितं कोन आसतंय?"

"भाऊ."

"आता कुटं हाय?"

"शिफ्टला."

"म्हंजे कोन न्हाई."

सगुणाबाईनं पदराची गाठ सोडली. आत गुळाचे खडे होते, एकमेकांना चिकटलेले. एक सुटा करून तिनं मंजुळापुढं धरला.

"खा."

"आता नगं, मावशी. आता कंप न्हाई. सकाळी नळी पिवळी होती. आता खाल्ला तर वाढंल."

"खा गं."

"मावशी, आता ते इख हाय."

"मला कळत न्हाई कवा इख आन कवा औशिद," सगुणाबाई म्हणाली. खडा मंजुळाच्या तोंडापुढून हलला नाही. "मला निस्तं गिळताना बघू दे."

मंजुळानं तिच्याकडं पाहिलं. नखांत अजून गुलाल होता. मंजुळानं तोंड उघडलं. म्हातारी पुढं वाकून तिच्या गळ्याकडं बघत राहिली.

"गेला?"

"गेला."

सगुणाबाईनं दुसरा खडा सुटा केला.