मालक झाल्यावर

दाजींच्या ऑफिसात खुर्च्या तीन होत्या. त्यातली बसण्यासारखी एकच, आणि तिच्यात दाजी बसले होते. उरलेल्या दोन प्लॅस्टिकच्या. एकीवर ती, दुसरीवर नवरा. तोही पुढच्या कडेवर, कोणी आता उठवणारच आहे अशा बेताने. खिडकीखाली यार्ड होतं आणि यार्डात ती पांढरी गाडी, जी आज हप्त्यांवर या दोघांची व्हायची होती. टेबलावर कागदांच्या दोन चळती, दोघांची लायसन्स आणि गाडीची किल्ली. किल्ली दाजींनी मुद्दाम मधोमध ठेवली होती, मांजरापुढे माशाचं डोकं ठेवावं तशी.

दाजी म्हणजे नणंदेचा नवरा. तातडीच्या मालाचा त्यांचा धंदा. कुठे कारखाना एका सुट्या भागापायी बंद पडला, कुठे हॉस्पिटलचं मशीन अडलं, की फोन यायचा, आणि सुटलेली गाडी माल पोचेपर्यंत थांबायची नाही. म्हणून गाडीवर ड्रायव्हर दोन. एकाने चालवायचं, दुसऱ्याने सीटमागच्या फळीवर झोपायचं. नवरा-बायकोची जोडी या धंद्यात सगळ्यांत सोयीची, कारण भांडायला दोघं एका वेळी जागी नसतात. ही थट्टा दाजींची. पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती हसली होती, त्यानंतर कधी नाही.

गाडी ती नवऱ्यापेक्षा बरी चालवायची. हे यार्डात सगळ्यांना ठाऊक होतं, नवराही त्यात आला. पण मालाचा फोन नवऱ्याकडे असायचा, आणि दाजींना 'नाही' म्हणणं हे काही त्याच्या कुंडलीत नव्हतं. यार्डातले ड्रायव्हर पाठीमागे त्याला होयबा म्हणायचे. ते तिच्या कानावर आलं तेव्हा तिला संताप आला, पण तो त्या ड्रायव्हरांचा नव्हे.

मागच्या वर्षी तिची आई घसरून पडली आणि खुब्याचं ऑपरेशन ठरलं. दोघं रिकामी गाडी घेऊन परत येत होती. गाडीचं तोंड घराकडे असताना ती झोपली. जाग आली तेव्हा गाडी उलट्या दिशेला पळत होती आणि मागे माल भरलेला होता. "दाजींचा फोन आला. तू झोपली होतीस, मुद्दाम उठवलं नाही," नवरा म्हणाला, वर शाबासकी मिळावी अशा आवाजात. आईच्या ऑपरेशनच्या कागदावर शेजारणीने सही केली. आईने त्यावर आजतागायत चकार शब्द काढला नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

तरीही ती आज इथे आली होती, आणि ओढून आणलेली नव्हती. नवऱ्याने गेले काही महिने एकच टुमणं लावलं होतं: "पगारी ड्रायव्हरला माल नाकारता येत नाही, मालकाला येतो. गाडी आपली होऊ दे, मग नको तेव्हा नाही म्हणायचं. एकदा मालक झाल्यावर बघच तू." तिला गाडी हवी होती. नवऱ्यापेक्षा तिलाच जास्त हवी होती. चढाला ती कुठे कण्हते, उतारावर कशी हलकी होते, हे तिला झोपेतसुद्धा कळायचं. हप्त्यांचं तिला भय नव्हतं. फक्त ते 'नाही' खरं निघायला हवं होतं. म्हणून तिने एवढंच ठरवून घेतलं होतं की सह्या झाल्या की सरळ हॉस्पिटल गाठायचं. आज आईच्या खुब्याची तपासणी होती. नवऱ्याने मान डोलावली होती. मान डोलवायला त्याला कधीच कष्ट पडत नसत.

दाजींनी पेनाचं टोपण काढलं आणि नेमका फोन वाजला.

"हो, हो. गाडी निघालीच समजा," म्हणत त्यांनी फोन ठेवला. "सही-बिही राहू दे. कारखान्याचं काम ठप्प आहे, जोडीचा माल आहे. दोघं असेच निघा. कागदाचं आल्यावर बघू."

नवऱ्याचा हात किल्लीकडे गेलासुद्धा.

"आज आईची तपासणी आहे," ती म्हणाली. "दाजींना सांगा, जमणार नाही."

"अगं, पण—"

"एकदाच. मला ऐकायचंय. नाही म्हणा."

नवऱ्याने आवाज खाली आणला, जणू टेबलापलीकडे माणूस नव्हता, भिंत होती. "आत्ता कसं म्हणू? आत्ता गाडी त्यांची आहे. मालक झाल्यावर गोष्ट वेगळी."

"मग व्हा मालक. पेन समोरच आहे."

दाजींना गंमत वाटली. लोकांच्या संसारात डोकावायला त्यांना आवडायचं, तेही फुकटात. "घे रे, वहिनींचा हुकूम आहे," म्हणत त्यांनी पहिली चळत पुढे सरकवली. नवऱ्याने पानापानावर सही केली. दाजींनी शिक्का हाणला. "अभिनंदन, मालक!"

"झालात?" तिने विचारलं.

"झालो."

"आता म्हणा."

एसीचं पाणी कोपऱ्यातल्या बादलीत टपटपत होतं. नवऱ्याने दाजींकडे पाहिलं. दाजींनी फक्त कागदावरच्या हप्त्याच्या ओळीवर बोट ठेवलं.

"नाही म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे बाबा," दाजी म्हणाले. "मी काय जबरदस्ती करतोय? पण हक्काने हप्ता भागत नाही. आणि पहिलाच माल नाकारणाऱ्याला दुसरा द्यायला मी काय खुळा आहे?"

नवरा तिच्याकडे वळला. चेहऱ्यावर चक्क सुटल्यासारखा भाव होता. "खरंच आहे गं. आता तर डोक्यावर हप्ता आहे. आता नाही म्हणून कसं चालेल?"

तिला हसू आलं, आणि ते चांगलं नव्हतं. "नोकर होतात म्हणून नाही म्हणता येत नव्हतं. मालक झालात म्हणून म्हणता येत नाही. मग म्हणायचं तरी कधी? मघाशी पेन हातात होतं तेव्हा?"

"चारचौघांत तमाशा नको."

"चारचौघं कुठायत? तिघं आहोत. त्यातही एक असून नसल्यासारखा."

दाजी खो-खो हसले, आणि त्या हसण्याने नवरा पेटला. दाजींवर पेटायची सोय नव्हती, म्हणून तिच्यावर. "तोंड आवर! तपासणी आज नाही तर उद्या होईल. म्हातारी काय पळून चाललीये?"

"पळेल कशी? खुबा मोडलाय तिचा."

"ते काही नाही! हॉस्पिटल नाही, काही नाही. आपण माल घेऊन निघतोय. नाही म्हणजे नाही!"

खोलीत पुन्हा बादलीचा आवाज ऐकू आला.

"बघा," ती म्हणाली, "येतं की तुम्हाला म्हणायला."

तिने टेबलावरचं आपलं लायसन उचललं आणि पर्समध्ये टाकलं. दुसऱ्या चळतीवर, दोघांनी जोडीने गाडी चालवायच्या करारावर, तिच्या सहीची जागा कोरीच होती. दाजींचं हसू तेव्हा कुठे आटलं.

"वहिनी, असं करू नका. जोडीचा माल आहे. एकट्याला देता येत नाही मला."

"ते मालकांना सांगा. समोर बसलेत."

खाली येऊन तिने गाडीचं दार उघडलं. मागच्या फळीवरची आपली उशी आणि चादर काढून घेतली. उतरताना स्टिअरिंगवर हात टेकला, तो लवकर निघेना. नवरा सुटतोय याच्यापेक्षा गाडी सुटतेय याचंच तिला जास्त वाटत होतं. त्याची तिला थोडी लाज वाटली, फार नाही. वर खिडकीत नवरा उभा राहून "अगं! अगं!" करत होता. तिने दार नीट लावून घेतलं, कारण ते जोराने आपटलेलं त्या गाडीला सोसत नसे.

हॉस्पिटलच्या बाकड्यावर आई एकटीच बसली होती. काठी भिंतीला टेकवलेली, पिशवी शेजारच्या जागेवर. तिने लेकीला पाहिलं, लेकीच्या काखेतली उशी पाहिली, आणि वर्षभर दाताखाली धरलेलं अखेर बाहेर टाकलं.

"आज बरं तोंड इकडे झालं. माल मिळाला नाही वाटतं?"

"मिळाला होता."

आईने शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली.