भिंतीपाशी पहिला नंबर

घड्याळजीच्या बायकोला नवऱ्याच्या अंगाला येणारे वास पाठ होते. दुकानातून आला की पितळेचा, मशीनच्या तेलाचा आणि चामडी पट्ट्यांचा वास यायचा. युद्धाच्या दुसऱ्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मात्र त्याच्या सदऱ्याला निलगिरीचा वास आला, आणि निलगिरीची बाटली तिच्या घरात नव्हती.

"सर्दी झाली का?"

"छे. खांदे जरा धरलेत."

खांदे धरले होते तर चोळणारं माणूस घरात होतं. पण तो मान खाली घालून जेवत राहिला, आणि चमचा तोंडाशी नेताना त्याचा हात कापत होता. केसापेक्षा बारीक स्प्रिंग चिमट्यात धरणारा हात तो.

दोन दिवसांनी नणंद आली. बसायच्या आधीच बोलायला लागली.

"वहिनी, दादा संध्याकाळी कुठे असतो, ठाऊक आहे का?"

"दुकानात."

"दुकानाला कुलूप आहे. तो कचेरीच्या भिंतीपाशी असतो. त्या उंच नर्सबाई आहेत ना, नवरा वारलेल्या? त्या त्याचे खांदे चोळतात. भर चौकात. मी आपलं पाहिलं ते सांगितलं, माझ्या पोटात काही राहत नाही."

"ते मला लग्नापासून ठाऊक आहे, वन्सं," ती म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला उठली. आधण उकळून आटून गेलं तरी तिला कळलं नाही.

भिंतीचा प्रकार तिच्या कानावर होता. मालधक्क्यापलीकडच्या गोदामांत शत्रूकडचे कैदी ठेवले होते. त्यांना बोलतं करायला रात्र रात्र भिंतीशी उभं करतात, पाय मागे, हात वर, सगळा भार बोटांच्या टोकांवर, डोक्यावरून तोंडापर्यंत ओढलेलं पोतं; आणि कुणी कोसळला की मारतात. तिथे काम करणाऱ्या एकाने हे बाहेर येऊन सांगितलं. पेपरवाल्यांनी छापलं नाही. तेव्हा गावातली चारदोन माणसं रोज संध्याकाळी कचेरीच्या भिंतीशी तशीच उभी राहू लागली. एक थकला की दुसरा. अंधार पडेपर्यंत जागा रिकामी ठेवायची नाही. शेजारी पाटी: 'गोदामातल्या माणसांना असं उभं करतात. आपल्या नावाने करतात. थांबवा.'

त्या चारदोन माणसांत आपलं माणूस असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतली शाल घेऊन चौकात गेली. नवऱ्याला रंगेहाथ पकडायचं तर निदान नीटनेटकं दिसावं. भिंतीशी निवृत्त मास्तर उभे होते. घड्याळजी नुकताच मोकळा होऊन बाकावर बसला होता, कॉलर उघडी, डोळे मिटलेले. आणि मागे उभ्या नर्सबाई दोन्ही अंगठ्यांनी त्याचे खांदे दाबत होत्या. इतक्या सवयीने, की कणीक मळताहेत जणू. तिच्या मस्तकात तिडीक गेली.

ती पुढे होणार इतक्यात चौकातला खाटीक ओरडला, "आमची पोरं तिकडे मरतायत आणि तुम्ही शत्रूची कड घेताय. लाजा वाटत नाहीत?"

नर्सबाईंचे अंगठे थांबले नाहीत. "माझाही मुलगा तिकडेच आहे. त्याच्या नावावर गोदामात हे चालवायची परवानगी मी कुणाला दिलेली नाही."

खाटीक पुटपुटत निघून गेला. घड्याळजीच्या बायकोचा जळफळाट मात्र दुप्पट झाला. ती बाई उंच होती, ते एक वेळ सोडून देता आलं असतं. असं उत्तर आपल्याला जन्मात सुचलं नसतं, हे सोडून देता येईना.

घड्याळजीने डोळे उघडले. "अगं, तू?"

"हो, मी. मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. गोदामाचं ऐकून आलो त्याच दिवशी, जेवताना. तू म्हणालीस, आमटीत मीठ कमी आहे का."

"मला नाही आठवत."

"मला आठवतं."

"आणि ह्यांना सांगितलंत."

"ह्यांनी विचारलं."

तो चिडून बोलला असता तर तिला भांडता आलं असतं. इतक्या वर्षांच्या संसारात आपल्या हक्काचं काहीतरी तिने स्वतःच्या हाताने बाजूला सारलं होतं, आणि कुणीतरी ते उचललं होतं. ते परत मागायचं तर कुठल्या तोंडाने?

मास्तरांचे गुडघे लटपटू लागले. नर्सबाई हात पुसत पुढे निघाल्या.

"थांबा," ती म्हणाली. "मी उभी राहते."

"जमेल तुम्हाला?"

"तुम्हाला जमतं ना?"

नर्सबाईंनी तिचे पाय मागे ओढून दाखवले, तळवे भिंतीवरून उचलायला लावले. फक्त बोटं. ह्या बाईपेक्षा क्षणभर तरी जास्त टिकायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. आधी मनगटं पेटली, मग खांदे, मग पाठ. मागून कुणी हसलं. डोक्यावर पोतं नव्हतं तरी वळून बघता येईना. कोण, किती जवळ, मारणार की काय, काही कळेना. कैद्यांचा विचार तोवर तिने केलाच नव्हता. आता तो न बोलावता आला, आणि जाईना.

ती मास्तरांच्या निम्मीही टिकली नाही. घड्याळजीने तिला धरून बाकावर बसवलं.

"पुरे आता. घरी जाऊ," तो म्हणाला.

"घरी कशाला? आधी नंबर ठरवू." तिचे दात वाजत होते. "उद्यापासून पहिला नंबर माझा. माझ्यामागून मास्तर, मग हे. आणि ह्यांच्यामागून लगेच तुम्ही, नर्सबाई."

मास्तर गोंधळले. "पण मग घड्याळजींचे खांदे कोण—"

"मी आहे ना."

नर्सबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळजीकडे, आणि ओठ दाबून हसू आवरलं. "चालेल, वहिनी. आम्हाला आणखी एक माणूस हवंच होतं."

"तुमचं माणूस म्हणून नाही आले मी."

"तरी चालेल," म्हणत त्या लगबगीने रिकाम्या भिंतीकडे गेल्या.

तिने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. बोटांत जोर नव्हता, तरी ती दाबत राहिली. नजर मात्र नर्सबाईंच्या बोटांवर होती. पांढरी पडत होती ती. ही बाई कधी हरते, एवढंच ती बघत होती. मग हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, गोदामाचं ते पहिल्यापासून सांगा मला. सगळं."