ज्यांची सही लागत नाही

गेउआ सासूला नारळाच्या दुधात शिजवलेली केळी भरवत होती. खांबांवर उभ्या त्या घराखाली भरतीचं पाणी आलं होतं. समोरच्या किनाऱ्यावर पापुआ न्यू गिनीच्या राजधानीचे, पोर्ट मोर्स्बीचे, तीन नवे काचेचे मनोरे होते. चौथा याच वस्तीच्या जागी उठणार होता.

तिचा दीर वागी शिडी चढून आला. कुळाचा प्रमुख तोच.

"वहिनी, सोमवारपर्यंत घर रिकामं करा. सह्या झाल्यात."

"कुणाच्या?"

"कुणाच्या म्हणजे? कुळातल्या पुरुषांच्या."

"तुमचे भाऊ गेल्यावर हे खांब मी रोवलेत, भाऊजी."

"जमिनीच्या गोष्टीत बायका बोलत नाहीत. वाडवडिलांपासूनचं आहे हे."

"आणि तुमच्या आईला कुठं ठेवू?"

"टेकडीमागं पत्र्याची खोली मिळालीय. मनोरा झाला की अख्खा एक मजला आपला!"

म्हातारी बोयो अंथरुणातूनच म्हणाली, "मजल्यावर जाळं कुठं वाळवशील रे?"

वागी आईकडे न बघताच उतरला.

सोमवारी घरं पाडायचं यंत्र आलं. बोयोने दाराची चौकट धरली. बोटं सोडवावी लागली. चौघांनी तिला चटईसकट उचललं. चटईचा एक कोपरा वागीच्या हातात होता.

पत्र्याखाली दुपारी अंग भाजायचं. नळ अर्ध्या कोसावर. "पाण्याचा आवाज का गं येत नाही?" म्हातारी विचारायची. अकराव्या दिवशी गेउआ घागर भरून परतली, तेव्हा विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

महिन्याने शेजारच्या ओळीतल्या घरांच्या सह्यांसाठी चर्चच्या आवारात बैठक भरली. पुरुष पुढे, बायका मागे. वागीने पेन उचललं, तशी गेउआ पुढे गेली आणि तिने कागदावर हात ठेवला.

"आधी वाचून दाखवा."

"वहिनी, मागं बसा!"

"मागं बसले, म्हणून आई गेली. वाचा."

कुणी हसलं, कुणी शिवी घातली. अखेर तरुण पाळकाने कागद घेतला आणि शेवटपर्यंत वाचला. मजल्याचा त्यात उल्लेखच नव्हता.

"आधीच्या कागदात तरी होता का?" वागीने मनोरे बांधणाऱ्या कंपनीच्या माणसाला विचारलं.

"तुम्ही सही केलीत ना त्यावर? ती आता मागं घेता येत नाही."

वागीने पेन खाली ठेवलं. त्याने सही केली नाही. पण गेउआचं घर काही परत उभं राहणार नव्हतं, आणि आई येणार नव्हती.

गेउआ पुरुषांच्या ओळीत बसायला गेली. कुणी सरकून जागा दिली नाही. ती तरीही बसली.